प्रवाळ ३६ अंश सोसतात, मग आखात सुरक्षित आहे का?

प्रश्न असा आला आहे: "मी दुबईत राहतो. इथले प्रवाळ ३५-३६ अंश तापमानाच्या पाण्यातही जगतात असं वाचलं. म्हणजे निसर्ग तापमानवाढीशी जुळवून घेतो असं म्हणायचं का? आणि या आखातात जे होतं त्याचा आपल्या कोकणच्या समुद्राशी काही संबंध आहे का?"

आधी थोडक्यात सांगतो. प्रवाळ एवढं तापमान सोसतात हे खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. हे प्रवाळ आज त्यांच्या सहनशक्तीच्या अगदी काठावर जगताहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. संबंध आहे, फक्त तो किनाऱ्यावरून दिसत नाही, कारण तो पाण्याखाली दोन-तीनशे मीटरवर आहे. माझी बरीच वर्षं आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्तींवर काम करण्यात गेली, त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवात या पर्शियन आखाताच्या ठेवणीपासून करायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. सुमारे हजार किलोमीटर लांबीचा हा समुद्र सरासरी जेमतेम ३५ मीटर खोल आहे. अमिरातीच्या बाजूला तर मैलोन्मैल पाणी दहा-वीस मीटरच असतं. आजूबाजूला वाळवंट, पाऊस नावापुरता, आणि वर्षाला दीड ते दोन मीटर पाण्याची वाफ होते. उत्तरेकडून शत्त-अल-अरबमार्गे तैग्रिस, युफ्रेटिस आणि कारूनचं गोडं पाणी येतं, पण वरच्या देशांतल्या धरणांमुळे तेही खूप घटलं आहे. महासागरात हजार भाग पाण्यात साधारण ३५ भाग मीठ असतं. इथे ४० च्या आसपास असतं, आणि कतार व सौदीच्या मधल्या सलवाच्या आखातात ते ५० च्याही वर जातं. बाहेरच्या समुद्राशी देवाणघेवाण करायला दार एकच, होर्मुझची सामुद्रधुनी.

असा उथळ आणि कोंडलेला समुद्र झटकन तापतो आणि झटकन गारठतो. दक्षिणेतल्या प्रवाळांना वर्षभरात वीस अंशांहून मोठा चढउतार सोसावा लागतो. हिवाळ्यात पाणी कधीकधी १२-१३ अंशांपर्यंत उतरतं आणि ऑगस्टमध्ये ३५ च्या पुढे जातं. कुवेतच्या उपसागरात जुलै २०२० मध्ये ३७.६ अंशांची नोंद झाली. समुद्राच्या पृष्ठभागाचं इतकं तापमान जगात क्वचितच कुठे नोंदलं गेलं आहे. त्याच उपसागराच्या उपग्रह नोंदी पाहिल्या तर १९८५ पासून दर दशकाला सुमारे ०.६ अंश वाढ दिसते, म्हणजे जगाच्या सरासरीच्या साधारण तिप्पट.

आता प्रवाळांकडे येऊ. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली होती, तेव्हा हे आखात नव्हतंच. तिथे कोरडी नदीखोरी होती. बर्फ वितळू लागल्यावर पाणी होर्मुझमधून आत शिरलं आणि आजचा किनारा साधारण सहा हजार वर्षांपूर्वी तयार झाला. म्हणजे प्रवाळांना या उष्णतेची सवय व्हायला काही हजार वर्षं मिळाली. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळ फार थोडा आहे, पण आजच्या तापमानवाढीच्या हिशेबात तो प्रचंड आहे. "जुळवून घेतलं" म्हणताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा. तिथे हजारो वर्षं होती, इथे काही दशकं आहेत.

जुळवून घेणं कसं झालं हेही आज बरंचसं कळलं आहे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळाचा बहुतेक उदरनिर्वाह त्यावर चालतो. पाणी फार तापलं की शैवालाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन रसायनं तयार होतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. मग तो पांढरा पडतो, म्हणजेच त्याचं विरंजन होतं. लवकर थंडावा मिळाला तर शैवाल परत येतं, नाही मिळाला तर प्रवाळ उपाशी मरतो. आखातातल्या प्रवाळांत जे शैवाल सर्रास सापडतं ते उष्णता सोसणारं आहे. २०१५ मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली, आता ते क्लॅडोकोपियम थर्मोफिलम म्हणून ओळखलं जातं. त्याच्या जोरावर इथले प्रवाळ ३५ अंशांच्या आसपास टिकतात. जगातल्या बहुतेक प्रवाळभित्ती त्याच्या कितीतरी अंश आधीच पांढऱ्या पडतात.

वर्तमानपत्रांतून मग "महाप्रवाळ" अशी बातमी येते, आणि हे शैवाल किंवा हे प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावावेत अशी सूचना येते. मला ही सूचना धोकादायक वाटते. प्रयोगशाळेत या शैवालासह असलेल्या प्रवाळांना नेहमीच्या महासागराइतक्या क्षारतेच्या पाण्यात ठेवलं तेव्हा त्यांची उष्णता सोसण्याची ताकदच घटली. ही ताकद आखाताच्या खाऱ्या पाण्याशी बांधलेली आहे. म्हणजे हे गुण आखाताच्या बाहेर नेता येतीलच असं नाही. आखाताच्या नरबीजापासून आणि बाहेरच्या प्रवाळाच्या अंड्यांपासून तयार झालेल्या अळ्या उष्णतेत जास्त टिकल्या, असं ओमानजवळच्या प्रवाळांसोबत केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. ते संशोधन मोलाचं आहे. पण बादलीतली अळी टिकणं आणि समुद्रात नवी भित्ती उभी राहणं यांत फार अंतर आहे.

आणि स्वतः आखातात काय झालं ते पाहा. १९९६ आणि १९९८ मध्ये दुबई-अबू धाबीसमोरचे फांद्यांचे अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ जवळजवळ पुसले गेले. पूर्वी तिथे त्यांची दाट झुडपं होती. त्यानंतर २००२, २०१०, २०१२ आणि २०१७ मध्ये विरंजन झालं. एका मोठ्या फटक्यातून भित्ती सावरायला दहा-पंधरा वर्षं तरी लागतात. तेवढी उसंत मिळतच नाही. आज दक्षिणेत उरलेत ते मुख्यतः गोलसर, दगडासारखे, सावकाश वाढणारे प्रवाळ. ते चिवट असतात, पण माशांच्या पिल्लांना लपायला जशा खाचाखोचा लागतात तशा ते देत नाहीत.

२०१७ बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण त्या वर्षातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. आखाताच्या उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल वारा वाहतो. धूळ आणतो म्हणून शहरातली माणसं त्याला वैतागतात. समुद्रासाठी मात्र तो वाचवणारा आहे. वाऱ्यानं बाष्पीभवन वाढतं आणि वाफ जाताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. शिवाय लाटांमुळे वरचं तापलेलं पाणी खालच्यात मिसळतं. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा वारा कमजोर राहिला. भित्तीच्या तळाशी तापमान ३७ अंशांच्या वर गेलं. अबू धाबीतल्या पाहणीच्या ठिकाणी सुमारे ९४ टक्के प्रवाळ पांढरे पडले आणि एका वर्षात जिवंत प्रवाळाचं जवळजवळ तीन चतुर्थांश आवरण गेलं. एप्रिल २०१८ मध्ये तळाचा फक्त ७.५ टक्के भाग जिवंत प्रवाळाखाली होता. याचा अर्थ फार गंभीर आहे. जगातले सर्वांत उष्णतासहिष्णु प्रवाळ कुठल्या अद्भुत नव्या तापमानानं मेले नाहीत. ऐन उन्हाळ्यात काही आठवडे वारा पडला, एवढं पुरलं. सरासरी तापमान जसजसं वर सरकतं तसतसा चांगल्या आणि वाईट वर्षांतला फरक फक्त वाऱ्यावर उरतो.

माशांची गोष्ट वेगळी आहे, कारण मासा हलू शकतो. जगभर समुद्र तापतो तसे मासे ध्रुवांकडे सरकताहेत. पण आखाताच्या उत्तरेला समुद्र संपतो आणि इराक-कुवेतची जमीन लागते. इथल्या माशाला थंड पाणी हवं असेल तर आधी पूर्वेला, होर्मुझमधून बाहेर पडावं लागतं. जे मोठे, लांब पोहणारे आहेत ते हे करू शकतात. भित्तीला चिकटून राहणाऱ्या छोट्या माशांना तो मार्गच नाही. त्यामुळे पुढच्या काही दशकांचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी प्रारूपांत (मॉडेलांत) दक्षिण आणि नैर्ऋत्य आखातातून सर्वांत जास्त प्रजाती नाहीशा होताना दिसतात.

जे राहतात ते उष्णतेची किंमत मोजतात. एकाच प्रजातीचा भित्तीवरचा मासा ओमानच्या आखातात जेवढा मोठा होतो तेवढा आत होत नाही. उष्ण पाण्यात शरीराची भूक आणि ऑक्सिजनची गरज वाढते, आणि त्याच पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. छोट्या डॅमसेल माशांचं निरीक्षण करताना दिसलं की कडक उन्हाळ्यात आणि कडक थंडीत ते भित्तीजवळ दबून राहतात, कमी खातात, आणि वसंतात भरपूर खाऊन साठा करतात. हॉक्सबिल कासवंही असंच काही करतात. उपग्रहानं मागोवा घेतलेली कासवं जूनपासून उथळ भित्ती सोडून खोल, जरा थंड पाण्यात जातात आणि उन्हाळा सरला की परततात. त्या महिन्यांत त्यांना आवडीचं खाणं मिळत नाही. उन्हाळा लांबला तर हा उपाशी काळही लांबतो.

बाजारातल्या माशांबद्दलही सांगतो, कारण तुमचा रोजचा संबंध तिथेच येतो. दुबईत "कनअद" म्हणून मिळते ती आपली सुरमईच, प्रजाती तीच. कुवेतचा लाडका "जुबैदी" म्हणजे आपलं पापलेट. त्याची पैदास उत्तर आखातात, शत्त-अल-अरबच्या मुखाच्या आसपास होते, आणि नदीचं पाणी घटत गेलं तसं कुवेतचं पापलेट उत्पादनही घसरत गेलं. हमूरची, म्हणजे भित्तीवरच्या ग्रूपर माशाची, अवस्था सगळ्यात वाईट आहे, पण तिथे मी तापमानाला पहिला दोष देणार नाही. अबू धाबीच्या तपासण्यांत हमूरचा साठा अतिमासेमारीनं खालावल्याचं स्पष्ट झालं आहे. तारेचे घुमटाकार पिंजरे, ज्यांना तिथे गरगूर म्हणतात, ते समुद्रात हरवले तरी मासे पकडत राहतात. सगळं खापर हवामानबदलावर फोडलं की जे उद्या सकाळी थांबवता येईल तेही थांबत नाही. म्हणून ही फोड मी प्रत्येक व्याख्यानात आग्रहानं करतो.

२००८-०९ च्या लाल भरतीचंही तसंच. कॉक्लोडिनियम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा उद्रेक झाला आणि आठ महिन्यांहून अधिक काळ ओमानच्या आखातापासून आतपर्यंत पसरला. हजारो टन मासे मेले, प्रवाळ मेले, अमिरातीतले समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद ठेवावे लागले. यात सांडपाण्याची पोषकद्रव्यं होती, जहाजांच्या टाक्यांतून येणाऱ्या परक्या जिवांची शंका होती, आणि उबदार, स्थिर पाणीही होतं. तापमान अशा वेळी एकटा गुन्हेगार नसतं, पण बाकीच्यांना बळ देतं. पिण्याच्या पाण्यासाठी समुद्रावर अवलंबून असलेल्या शहरांसाठी तो प्रसंग फार मोठा इशारा होता.

पाणी गोडं करण्याचे प्रकल्प आखात खारट करून टाकत आहेत अशी एक समजूत आहे. संपूर्ण आखाताच्या पातळीवर हा परिणाम फारच थोडा आहे. सूर्य जेवढी वाफ करतो त्यापुढे प्रकल्प काहीच उपसत नाहीत, आणि खारं पाणी होर्मुझमधून बाहेर निघून जातं. प्रकल्पाचं उरलेलं पाणी समुद्रात सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी मात्र गरम, दाट खारं पाणी तळावर पसरतं आणि तिथल्या जिवांना मारतं. त्यामुळे प्रकल्प कुठे उभारायचा आणि पाणी कसं सोडायचं हे महत्त्वाचं ठरतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हिवाळ्यात आखाताचं खारट पाणी गारठतं, जड होतं आणि होर्मुझच्या तळाजवळून बाहेर वाहू लागतं. ओमानच्या आखातात ते उतरत जातं आणि साधारण २०० ते ३०० मीटरवर, आपल्याइतक्याच घनतेचं पाणी सापडलं की तिथे स्थिरावतं आणि अरबी समुद्रात पसरतं. अरबी समुद्राच्या नोंदींत हा खारट थर ओळखू येतो. गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामामुळे अरबी समुद्राची एक मोठी अडचण जगाला नीट कळली: शे-दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खाली इथे ऑक्सिजन जवळजवळ नसलेला जाडजूड पट्टा आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी हा एक. आखातातून येणारं पाणी नुकतंच हवेला भिडून आलेलं असतं, त्यामुळे ते या पट्ट्याच्या वरच्या भागाला थोडा ऑक्सिजन पुरवतं.

आखात तापलं की हे पाणी हलकं होतं. हलकं पाणी तितकं खोल जात नाही, वरच्याच थरात पसरतं, आणि खालच्या गुदमरलेल्या थराला मिळणारा श्वास कमी होतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबू धाबी केंद्रातल्या गटानं २०१९ मध्ये प्रारूपाच्या आधारे हे दाखवलं: आखात तापल्यास अरबी समुद्राचा ऑक्सिजनहीन पट्टा तीव्र होतो. ओमानच्या आखातात स्वयंचलित ग्लायडर (पाण्याखाली आपोआप फिरून नोंदी घेणारं यंत्र) सोडून घेतलेल्या मोजमापांतही ऑक्सिजन आधीच्या अंदाजापेक्षा बराच कमी आढळला. खुद्द आखातातही उन्हाळ्याअखेरीस मध्यभागातल्या खोल तळाशी ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरतो.

इथे मात्र जपून बोलायला हवं. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोवा ते मुंबईच्या किनाऱ्यालगत तळाचं पाणी ऑक्सिजनविना राहतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यात कधी कधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो, आणि तळाच्या माशांना तिथून हलावं लागतं. गोव्यात कांदोळीसमोर या स्थितीच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या जाताहेत. याचं थेट कारण आखात नाही. मान्सूनमध्ये खोलवरचं पाणी वर चढतं, वरचा गोड्या पाण्याचा थर त्यावर झाकणासारखा बसतो, आणि शेतीतली व शहरांतली पोषकद्रव्यं भर घालतात. पण वर चढणारं पाणी मुळातच ऑक्सिजनला पारखं असेल तर किनाऱ्यावरची स्थिती आणखी अवघड होते. होर्मुझपासून कोकणापर्यंतचा धागा असा आहे. तो लांब आहे आणि त्यात मान्सूनच्या अनेक गाठी आहेत, पण तुटलेला नाही. मालवणच्या प्रवाळांनाही विरंजन झालं आहे आणि त्यांच्यात आखाती प्रवाळांइतकी उष्णता सोसण्याची ताकद नाही. त्यांना "आखातातले टिकतात ना" असं म्हणून वाऱ्यावर सोडता येणार नाही.

समुद्री गवत आणि खारफुटीबद्दल फार लिहीत नाही. आखातात समुद्री गवताच्या तीनच प्रजाती आहेत, पण त्यांच्या कुरणांवर काही हजार समुद्रगायी जगतात. ऑस्ट्रेलियानंतर जगात त्यांची एवढी मोठी संख्या इथेच आहे, आणि अबू धाबीचं मरावह राखीव क्षेत्र त्यासाठी महत्त्वाचं आहे. किनाऱ्यावरची खारफुटी म्हणजे आपलं तिवरच, एकाच जातीचं. ही दोन्ही अजून तग धरून आहेत. त्यांना सध्या सर्वांत मोठा धोका उष्णतेपेक्षा भराव आणि गाळ उपसण्याचा आहे.

मग करायचं काय? जागतिक उत्सर्जन कमी झाल्याशिवाय आखाताचे प्रवाळ या शतकाच्या उत्तरार्धात टिकतील असं मला वाटत नाही, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण मधली वर्षं वाया घालवायची नसतील तर स्थानिक त्रास कमी करणं हा एकच खरा उपाय आहे. तापलेला प्रवाळ त्याच महिन्यात गाळाखाली गाडला गेला तर मरतो, स्वच्छ पाण्यात असेल तर सावरण्याची शक्यता राहते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात भित्तीजवळ गाळ उपसणं, भराव घालणं बंद ठेवावं. किनाऱ्यापासून दूरच्या, खोल आणि वारा मिळणाऱ्या जागांना प्राधान्यानं संरक्षण द्यावं. शारजाच्या सर बू नायर बेटाभोवतीचं पाणी, इराणच्या बाजूची बेटं, ही अशी ठिकाणं आहेत. तिथून अळ्या दक्षिणेला पोहोचू शकतील. नुसत्या रोपवाटिकेतले प्रवाळ उथळ, तापणाऱ्या पाण्यात लावून फोटो काढण्यावर मोठा खर्च होतो. माझ्या मते तो पैसा सांडपाण्यावर खर्च झाला तर समुद्राला जास्त उपयोग होईल.

एक अडचण राजकीय आहे. इराणसह आठ देश १९७८ च्या कुवेत करारानं समुद्राच्या रक्षणासाठी एकत्र आले आहेत, पण मोजमापं एकमेकांना वेळेवर मिळत नाहीत. उत्तरेचं पाणी कसं आहे हे दक्षिणेला कळायला वर्ष लागणार असेल तर वारा पडण्याचा इशारा कोण कुणाला देणार?

तुम्ही दुबईत आहात म्हणून दोन गोष्टी सांगतो. हमूर घेणं थांबवा, निदान लहान आकाराचा तरी नको. तो अंडी घालण्याच्या वयाला पोहोचायच्या आधीच ताटात येतो. सुरमईची बंदी ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने असते, त्या काळात कुणी ताजी स्थानिक सुरमई म्हणून विकत असेल तर घेऊ नका. आणि डायव्हिंग करत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये वारा सलग काही दिवस पडला की तुमच्या नेहमीच्या भित्तीचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि तिथल्या विद्यापीठातल्या प्रवाळ गटाकडे पाठवा. २०१७ मध्ये विरंजन नेमकं कोणत्या आठवड्यात सुरू झालं हे शोधताना अशा नोंदी हाताशी असत्या तर फार मदत झाली असती.